खारीला जोडीदार आणला, त्याची गोष्ट

"ताई, एकटं वाटतंय तुमच्या कुत्रीला. अजून एक आणा, दोघं खेळत बसतील." हे आम्हाला पहिल्यांदा सांगितलं ते इस्त्रीवाल्या दादांनी, कपड्यांचा गठ्ठा दारात ठेवता ठेवता. त्यानंतर हाच सल्ला मी ऑफिसातल्या दोघींकडून, सासूबाईंकडून, वॉचमनकडून आणि एकदा शेअर रिक्षात शेजारी बसलेल्या, ओळख ना पाळख अशा बाईंकडूनही ऐकला. एवढ्या लोकांना एकच गोष्ट सुचतेय म्हणजे ती बरोबरच असणार, असं मलाही वाटायला लागलं होतं.

खारी आम्हाला जून २०२० मध्ये पार्किंगमध्ये सापडली. दीड-दोन महिन्यांचं, पावसात भिजलेलं गावठी पिल्लू, कुणाच्या तरी स्कूटरखाली अंग चोरून बसलेलं. रंग थेट बेकरीतल्या खारीचा, पाठीवर जरासा करपलेला. आमचं कर्वेनगरात तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचं घर, आम्ही दोघंच, दोघांचंही काम घरून चाललेलं. पुढचे वीस महिने ती एक मिनिटही एकटी राहिली नाही. एकानं किराणा आणायला जायचं, दुसऱ्यानं घरी थांबायचं. मी आंघोळीला गेले तर ही बाथरूमच्या दाराला नाक लावून बसलेली. "किती जीव लावते बघ," असं आम्ही फोनवर सगळ्यांना कौतुकानं सांगायचो.

मार्च २०२२ मध्ये माझं खराडीचं ऑफिस आठवड्यातून तीन दिवस सुरू झालं, नवऱ्याचं हिंजवडीचं दोन दिवस. मंगळवारी आणि बुधवारी दोघंही बाहेर. पहिल्या मंगळवारी आम्ही तिला सकाळी लांब फिरवून आणलं, वाटीत उकडलेलं चिकन ठेवलं, रेडिओ लावला आणि निघालो. संध्याकाळी सातला जिना चढताना दुसऱ्या मजल्यावरच आवाज ऐकू आला. भुंकणं नव्हतं ते. एक लांब, चढत जाणारा सूर, मध्येच तुटायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा.

दार उघडलं तर दाराजवळची फरशी ओली. पाण्याची बाटली सांडली असं वाटलं, पण हात लावल्यावर कळलं की ती लाळ आहे. चौकटीचं लाकूड लॅचच्या बाजूनं वीतभर उंचीपर्यंत कुरतडून पार भुसा झालेला. पांढऱ्या टाइल्सवर लाल ठिपके. पुढच्या उजव्या पायाचं एक नख मुळाशी तुटलं होतं. चिकनला तोंडसुद्धा लावलेलं नव्हतं. मी खाली बसून तिला जवळ घेतलं, पाच मिनिटं ती नुसती थरथरत राहिली, मग उठली आणि वाटीतलं सगळं चिकन एका दमात संपवलं.

तिसऱ्या आठवड्यात सोसायटीची चिठ्ठी आली. नवरा तयारीत होताच. भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचना त्यानं छापून ठेवल्या होत्या. बहुमतानं ठराव केला तरी सोसायटीला पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, असं त्यात स्पष्ट आहे. सेक्रेटरींनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं आणि शांतपणे म्हणाले, "यात असंही लिहिलंय की सतत भुंकून शेजाऱ्यांना त्रास होणार नाही, यासाठी मालकानं सर्वतोपरी प्रयत्न करावेत. माझी आई ब्याऐंशी वर्षांची आहे. दुपारी तिला डोळा लागत नाही." यावर काय बोलणार? कायदा आमच्या बाजूनं होता आणि म्हातारीची झोपमोड खरी होती.

जुना मोबाइल पुस्तकांच्या कपाटावर ठेवून व्हिडिओ कॉल चालू ठेवायची कल्पना नवऱ्याची. तोपर्यंत आमची समजूत अशी की ती दिवसभर झोपत असेल आणि संध्याकाळी कंटाळून दंगा करत असेल. प्रत्यक्षात दार लागल्यापासून चौथ्या मिनिटाला सगळं सुरू झालेलं होतं. आधी दाराच्या फटीशी नाक. मग दार ते बाल्कनी, बाल्कनी ते दार अशा चकरा, ठरलेल्या रस्त्यानं, पिंजऱ्यातल्या वाघासारख्या. जीभ बाहेर, धाप लागलेली, आणि बाहेर तर मार्चची सकाळ. मग दारावर पंजे, मग तो सूर. दहा-पंधरा मिनिटांनी थकून खाली बसायची. लिफ्टचा आवाज आला की परत पहिल्यापासून. हे सगळं मी ऑफिसच्या बसमध्ये कानात इअरफोन घालून बघत होते आणि बस हडपसरच्या गर्दीत अडकली होती.

आधी एका डॉक्टरांकडे गेलो, ते म्हणाले लाड कमी करा, आल्यावर ओरडा. एक दिवस ओरडलेसुद्धा. ती सोफ्याखाली गेली आणि दुसऱ्या दिवशी दार लागल्यावर चौथ्याऐवजी दुसऱ्याच मिनिटाला सुरू झाली. ती आमच्यावर सूड उगवत नव्हती, घाबरलेली होती. आणि घाबरलेल्या जनावराला ओरडलं की भीतीला आणखी एक कारण मिळतं, एवढं मला कळायला हवं होतं. त्या दिवसाची मला अजून लाज वाटते.

दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी आधी रक्त आणि लघवी तपासून घेतली, दुखण्याखुपण्यामुळे तर नाही ना बघायला. मग व्हिडिओ मागितला. पूर्ण बघितला. मी विचारलं, "अजून एक कुत्रा आणला तर?" त्या म्हणाल्या, "तिला कुत्रा हवाय की माणूस हवंय, हे आधी बघा. आणि बघायचंच असेल तर विकत नका घेऊ, उसना आणा." सोबत औषधही सुचवलं. कुत्र्याला मानसिक आजाराचं औषध ही कल्पना आम्हा दोघांनाही पचली नाही. औषध नको, जोडीदार आणू, असं आम्ही गाडीतच ठरवून टाकलं. डॉक्टरीणबाईंच्या बोलण्यातला आपल्याला हवा तेवढाच भाग आम्ही ऐकला होता.

बटर जुलैत आला. एका प्राणिमित्र गटाला पावसाळ्यापुरतं फॉस्टर घर हवं होतं. तीन-साडेतीन वर्षांचा, पिवळसर, एका कानाचा तुकडा गेलेला, नसबंदी झालेला नर. खारीच्या जोडीला बटर हे नाव नवऱ्यानं घरी यायच्या आधीच ठरवून ठेवलं होतं. गटातल्या मुलीनं बजावलं होतं की थेट घरात आणू नका. त्यामुळे राजाराम पुलाजवळच्या नदीकाठच्या रस्त्यावर दोघांना दोन बाजूंनी चालवत नेलं, मध्ये रस्त्याची रुंदी, मग अर्धी, मग एकमेकांच्या शेपटीचा वास. तिसऱ्या दिवशी बटर घरात आला, सगळ्या खोल्या हुंगून झाल्यावर सोफ्याच्या डाव्या कोपऱ्यात चढला आणि तो कोपरा त्याचा झाला.

दोघांचं जमलं. सुरुवातीला खारी वाटीवरून गुरगुरली, म्हणून जेवणं वेगवेगळ्या खोल्यांत देऊ लागलो. एरवी दिवसभर कुस्ती, जुन्या टॉवेलची ओढाओढ, एकाच्या पाठीवर दुसऱ्याची मान टाकून झोपणं. मी फोटो काढून सगळ्या ग्रुपवर टाकले. इस्त्रीवाले दादा म्हणाले, "बघा, सांगितलं होतं ना."

दोन आठवडे दोघांना एकमेकांची सवय होऊ दिली आणि मग एका मंगळवारी आम्ही बाहेर पडलो. मोबाइल कपाटावर. खाली पार्किंगमध्ये गाडीत बसूनच बघत होतो.

बटरनं दाराकडे एकदा बघितलं, सोफ्यावर चढला, स्वतःभोवती दोनदा फिरला आणि झोपला. खारी दाराशी. चार मिनिटं. मग चकरा. दार, बाल्कनी, दार, बाल्कनी, आणि त्या वाटेवरच सोफा. प्रत्येक खेपेला ती बटरच्या नाकापासून हातभर अंतरावरून जात होती आणि एकदाही त्याच्याकडे बघत नव्हती. सातव्या मिनिटाला तिनं मान वर करून सूर लावला. बटरनं एक डोळा उघडला, मिटला. घरात कुत्रा होता, आणि तिच्या लेखी घर रिकामं होतं.

नवऱ्यानं मोबाइल माझ्या हातातून घेतला आणि म्हणाला, "चल वर."

पहिलाच दिवस आहे, हळूहळू होईल, अशी आम्ही आमचीच समजूत काढली. पुढे तीन आठवडे प्रयोग चालू ठेवला आणि त्यात एक नवीनच प्रकार झाला. बटर झोपेनासा झाला. खारीच्या चकरा सुरू झाल्या की तो उठून बसायचा, जांभया द्यायचा, ओठ चाटायचा. त्या जांभया झोपेच्या नव्हेत, अस्वस्थ झालेला कुत्रा अशाच जांभया देतो, हे मला नंतर कळलं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तोही सुरात सूर मिसळायला लागला. त्यातच नदीकाठी ढोलपथकांचा सराव जोरात. सेक्रेटरींचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज चढलेला नव्हता, हे जास्त लागलं. "आता दोन झालेत का?" एवढंच म्हणाले.

खर्चाचंही सांगते, कारण सल्ला देणारे ते सांगत नाहीत. दुसरा कुत्रा म्हणजे दुप्पट खाणं, लशी, गोचिडांचं औषध आणि गावाला जायचं म्हटलं की ठेवायची दुप्पट पंचाईत. पावसात आठ ओले पाय पुसायचे. बटर गुणी होता म्हणून निभावलं. माझ्या ऑफिसातल्या एकाचा लॅब्रॅडॉर दिवसभर सोफे फाडायचा म्हणून त्यानं दुसरा आणला. त्याच्या कुत्र्याला भीती वगैरे काही नव्हती, नुसता कंटाळा होता, फिरवणं अर्ध्या तासाचं. आता त्याच्याकडे दोघं मिळून सोफे फाडतात.

बरं, जोडीदाराचा कुणालाच उपयोग होत नाही असंही मी म्हणणार नाही. माझ्या मामेबहिणीकडे नाशिकला दोन कुत्री लहानपणापासून एकत्र वाढलेली. एक गेली आणि मागे राहिलेली कधी नव्हे ती रडायला लागली, जेवण सोडलं. त्यांनी काही महिन्यांनी दुसरी आणली आणि ती सावरली. पण तिच्या आयुष्यातून कुत्रंच गेलं होतं. आमच्या खारीच्या आयुष्यातून दर मंगळवार-बुधवारी माणसं जात होती.

हे नीट कळलं ते ऑगस्टमध्येच, आणि योगायोगानं. चौथ्या मजल्यावरच्या काकू एकट्या राहतात, शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त. एका बुधवारी त्यांच्याकडे प्लंबर फोडाफोडी करत होता म्हणून त्यांनी विचारलं, तुमच्या घरी बसू का दुपारभर? बटरला त्या दिवशी गटातली मुलगी तपासणीला घेऊन गेली होती. म्हणजे घरात खारी आणि काकू. त्या काही कुत्र्यांच्या फार प्रेमातल्या नाहीत. मला कॅमेऱ्यात दिसलं ते असं: काकू खुर्चीत शब्दकोडं सोडवतायत. खारी दाराशी गेली, फटीला नाक लावलं, परत आली, काकूंच्या चपलांचा वास घेतला आणि त्यांच्या खुर्चीखाली आडवी झाली. दहा मिनिटांत झोप. काकूंनी तिला हातसुद्धा लावला नव्हता. साडेतीन तास. मध्ये एकदा उठून पाणी प्यायली.

म्हणजे तिला मीच हवी होते असंही नव्हतं. (हे कळल्यावर जरा मन खट्टू झालं, खोटं कशाला बोलू.) कुणीही चालत होतं, फक्त ते दोन पायांचं हवं.

डॉक्टरीणबाईंकडे परत गेलो, यावेळी मान खाली घालून. त्यांनी एका ट्रेनरबाईंचा नंबर दिला, त्या फक्त याच त्रासावर काम करतात, सगळं व्हिडिओवर. त्यांच्याकडूनच मला अमेरिकेतल्या एका जुन्या प्रयोगाबद्दल कळलं. १९९६ साली तो प्रसिद्ध झाला. त्यातले कुत्रे सात ते नऊ वर्षांचे, पिल्लं असल्यापासून जोडीजोडीनं एकाच कोठडीत वाढलेले. जोडीतल्या एकाला चार तास बाहेर नेलं तर मागे राहिलेल्याच्या वागण्यात किंवा रक्तातल्या ताणाच्या संप्रेरकात विशेष फरक पडला नाही. अनोळखी जागी नेलं तेव्हा मात्र ताण वाढला, आणि जन्माचा जोडीदार शेजारी असूनही वाढला. रोज देखभाल करणारा माणूस सोबत बसला तेव्हा तो वाढला नाही. ते कुत्रे कोठडीत वाढलेले होते, आमच्यासारखे सोफ्यावर नव्हेत, त्यामुळे त्यावरून सगळ्या कुत्र्यांचा निवाडा करू नका, असं ट्रेनरबाईच म्हणाल्या. पण मला सोफ्यावरून एक डोळा उघडून बघणारा बटर आठवला.

औषधाला या खेपेला आम्ही हो म्हटलं. फ्लुओक्सेटिन. माणसांना नैराश्यासाठी देतात तेच, अमेरिकेत २००७ मध्ये कुत्र्यांच्या याच त्रासासाठी त्याला मंजुरी मिळाली, तीही वागणुकीच्या सरावाची जोड देऊन. आपल्याकडे गोळी माणसांच्याच मेडिकलमधून आणायची. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्यानं चिठ्ठी हातात धरून नाव वाचलं, "खारी. वय दोन?" मग माझ्याकडे असं बघितलं की मला घाम फुटला. "मॅडम, हे एवढ्या लहान मुलांना देत नाहीत." मागे उभ्या असलेल्या आजोबांनीही माझ्याकडे बघितलं. कुत्री आहे, हे सांगून त्याची खात्री पटेना, शेवटी मोबाइलमधला फोटो दाखवला. तेव्हापासून तो मला "कसं आहे पेशंटचं?" असं विचारतो.

डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलं होतं की चार ते सहा आठवडे फरक दिसायचा नाही. पहिले आठ-दहा दिवस तिची भूक कमी झाली, गपगप राहायची, आणि मी रोज रात्री नवऱ्याला म्हणायचे की आपण हिला गुंगीत ठेवतोय, बंद करू. मग भूक परत आली. सहाव्या आठवड्याच्या सुमाराला लक्षात आलं की लिफ्टच्या आवाजाला ती मान वर करते आणि परत खाली ठेवते. आधी उडी मारून दाराशी जायची. एवढाच फरक. पण या फरकाशिवाय पुढचं शिकवणं जमलं नसतं, कारण भीतीनं डोकं गच्च भरलेलं असताना शिकवलेलं शिरणार कुठे?

शिकवणं म्हणजे काय, तर वही, पेन आणि चपला. ट्रेनरबाईंची पहिली अट सगळ्यात कठीण होती: सराव चालू आहे तोवर तिला तिच्या सहनशक्तीबाहेर एकदाही एकटं सोडायचं नाही. एकदाही. म्हणजे मंगळवार-बुधवारचं काय? काकूंना विचारलं. त्यांनी दोन अटी घातल्या: चहाचं सामान जागेवर हवं आणि कुत्र्यानं अंगावर चढायचं नाही. मंगळवारची दुपार काकूंची. बुधवारी नवऱ्यानं मॅनेजरशी भांडून घरून काम मागून घेतलं. उरलेल्या फटी आमच्या कामवाल्या मावशी भरायच्या, भांडी झाल्यावर तासभर टीव्ही बघत. लग्नं, सिनेमे, हॉटेलं बंद. सप्टेंबर ते जानेवारी आम्ही दोघं मिळून मौजेसाठी कुठेच गेलो नाही.

आणि रोज संध्याकाळी सराव. खारीच्या डोक्यात किल्लीचा आवाज म्हणजे संकट, माझे पायमोजे म्हणजे संकट, डब्याची पिशवी तर महासंकट. म्हणून मी पायमोजे घालून टीव्हीसमोर बसायचे. किल्ल्या घेऊन स्वयंपाकघरात जायचे आणि ठेवून द्यायचे, दिवसातून वीसदा. डब्याची पिशवी खांद्याला लावून कपड्यांच्या घड्या घालायचे. सासूबाई चार दिवस राहायला आल्या होत्या, त्यांनी मुलाला बाजूला घेऊन विचारलं की हिची तब्येत बरी आहे ना.

मग दार. उघडून बंद, मी आतच. उघडून एक पाय बाहेर. दोन्ही पाय बाहेर आणि लगेच आत. बाहेर, दार बंद, मनात पाच आकडे, आत. कॅमेऱ्यात बघत राहायचं आणि ती उठून दाराशी यायच्या आधी परत यायचं. ट्रेनरबाई त्याला थ्रेशोल्ड म्हणायच्या. मी उंबरठा म्हणायचे, कारण मी खरोखरच त्यावर उभी असायचे. समोरच्या फ्लॅटमधला दहावीतला मुलगा क्लासहून येताना मला रोज बंद दाराबाहेर मोबाइलमध्ये बघत उभी असलेली बघायचा. आठवडाभरानं त्यानं विचारलं, "काकू, किल्ली विसरलात का?"

वही माझ्याकडे अजून आहे. तीन आठवड्यांनी सलग चाळीस सेकंद. नवरात्रात सव्वादोन मिनिटं. तिथून दिवाळीत फटाक्यांनी आम्हाला थेट दहा सेकंदांवर आणून ठेवलं, त्या पानावर मी रागानं पेन दाबून एक रेघ ओढलेली आहे. नोव्हेंबरच्या शेवटी अकरा मिनिटं, तेवढ्यात मी खाली जाऊन दूध आणलं आणि जिन्यात मला रडू आलं. अकरा ते पंचवीस मिनिटं हा टप्पा फार रेंगाळला, पण चाळीस मिनिटांच्या पुढे गाडी एकदम सुटली. फेब्रुवारी २०२३ मध्ये दीड तास, मे महिन्यात चार.

बटरचं राहिलंच. हे सगळं चालू असताना तो घरातच होता. सराव खारीचा चालायचा तेव्हा तो बेडरूममध्ये हाडूक चघळत पडायचा. त्याची अस्वस्थता खारीच्या चकरा थांबल्यावर आपोआप गेली. ठेवून घ्यायचं का, यावर आमची बरीच भांडणं झाली. मला ठेवायचा होता. नवऱ्याचं म्हणणं, आपण त्याला औषध म्हणून आणलं, ते लागू पडलं नाही, आता अपराधी वाटतंय म्हणून ठेवणार का? डिसेंबरमध्ये वाईजवळच्या एका शेतकरी कुटुंबानं त्याला बघितलं. तिथे आवार, लहान मुलं, दिवसभर माणसं. बटर त्या घरातल्या आजींच्या पायाशी जाऊन बसला आणि उठेना. आम्ही दोघंच परत आलो.

खारी त्याला शोधेल, जेवणार नाही, रडेल, म्हणून मी दोन दिवसांची रजा टाकली होती. तिनं सोफ्याच्या डाव्या कोपऱ्याचा वास घेतला, त्याची चादर हुंगली, माझ्याकडे एकदा बघितलं आणि त्याच कोपऱ्यात चढून झोपली. दुसऱ्या दिवसापासून तो कोपरा तिचा. सहा महिने मानेवर मान टाकून झोपलेली ही दोघं! रजेच्या दोन दिवसांत रडले ती मीच.

वाईहून अजून फोटो येतात. बटर जाडा झालाय.

आता कुणी मला फोन करून विचारलं की आमचा एकटा राहत नाही, दुसरा आणू का, तर मी आधी विचारते की कॅमेरा लावलाय का. बहुतेकांनी लावलेला नसतो. मग विचारते, शेजारचं कुणी नुसतं येऊन बसलं तर शांत राहतो का? आणि मैत्रिणीचा कुत्रा दोन दिवस आणून बघितलात का? पुढचं ज्याचं त्यानं ठरवावं. कुत्रा हवा म्हणून दुसरा आणत असाल तर जरूर आणा, घर भरतं, बटर होता तेव्हा आमचंही भरलं होतं. इस्त्रीवाल्या दादांचं अजून म्हणणं आहे की आम्ही घाई केली, बटरला अजून सहा महिने द्यायला हवे होते. मी त्यांच्याशी वाद घालत नाही, चौकटीकडे बोट दाखवते. ती अजून बदललेली नाही. सुतार पैसे फार सांगतोय.

गोळी चालू आहे, मात्रा डॉक्टरीणबाईंनी दोनदा कमी केली. साडेचार तासांपर्यंत खारी एकटी राहते, त्यापुढे मंगळवारी दुपारी काकू येतात, शब्दकोडं घेऊन. अंगावर चढायचं नाही ही अट मोडीत निघालेली आहे, ती काकूंनीच मोडली. पण त्या जूनमध्ये लेकीकडे न्यू जर्सीला चालल्यात, सहा महिन्यांसाठी. वही पुन्हा बाहेर काढली आहे. कालची नोंद: चार तास पन्नास मिनिटं, लिफ्टला दोनदा मान वर, एकदा पाणी.